मापाला दिलेला जुना ड्रेस

पाचवीपासून ते वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत मी कपडे शिवणाऱ्या कुणालाही माझ्या अंगाला टेप लावू दिला नाही. याचं कारण पेठ वडगावातल्या आमच्या शाळेच्या पटांगणात घडलं. त्या वर्षी गणवेश शाळेतर्फे शिवून मिळणार होते. एक टेलर आणि त्याच्याबरोबर एक बाई अशी दोघं आली, मुलींची रांग लागली. ती बाई टेप लावायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची, टेलर वहीत लिहायचा. माझ्या वेळी तिनं टेप फिरवला, थांबली, खात्री करायला पुन्हा फिरवला आणि रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हिला अर्धा मीटर कापड जादा लिवा हो!”

सातवीपर्यंत वर्गात माझं नाव ‘अर्धा मीटर’ होतं. मुली काही वाईट मनाच्या नव्हत्या. लंगडीला मला घ्यायच्या, डब्यातलं द्यायच्या, फक्त हाक मारायच्या ती त्या नावानं. मी ओ द्यायचे. ओ दिली नसती तर काय झालं असतं, हे त्या वयात सुचलं नाही.

तेव्हापासून मी मापाचा ड्रेस द्यायला लागले. ही युक्ती मला शोधावी लागली नाही, आमच्या घरातच होती. आई ब्लाउज शिवायला टाकताना एक जुना ब्लाउज पिशवीत घालायची आणि शिवणाऱ्या बाईला म्हणायची, “ह्याच मापाचा.” तिनं कधी माप दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मग मीही माझा जुना ड्रेस द्यायला लागले. अडचण एवढीच होती की ड्रेस गेल्या वर्षीचा असायचा आणि अंग या वर्षीचं. त्यामुळे माझा प्रत्येक नवा ड्रेस पहिल्या दिवसापासून काखेत काचायचा. पोटावरून कापड चिमटीत धरून पुढं ओढायची मला इतकी सवय झाली होती की फळ्यावर गणित सोडवतानाही डावा हात तेच काम करत असायचा. फोटो काढायची वेळ आली की मी मागच्या रांगेत जायचे, नाहीतर कॅमेरा स्वतःच्या हातात घ्यायचे. दहावीनंतरची चार वर्षं मी जगले याचा कागदावर पुरावा म्हणून फक्त गुणपत्रिका आहेत.

कॉलेजला मी रोज एसटीनं कोल्हापूरला यायला लागले तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या आत्यानं मला एक सल्ला दिला होता: काळं घालत जा, काळ्यात माणूस बारीक दिसतंय. मी तो इतका मनावर घेतला की पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत माझ्याकडं काळ्याशिवाय ड्रेस उरला नाही. एकदा कॅन्टीनमध्ये भिंतीकडेच्या टेबलापाशी मी जागा शोधत उभी होते. तिथं सात-आठ पोरंपोरी बसली होती, सगळी काळ्यात. काळे टी-शर्ट, त्यांवर कवट्या आणि हाडं, मनगटावर कातड्याचे पट्टे, डोळ्यांत हे एवढं काजळ. त्यातली एक मुलगी, म्हणजे नुसती काडी, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “तू बी आमच्यातलीच काय?”

मी म्हणाले, “व्हय.” काय विचारलंय ते मला कळलं नव्हतं. पण मला ‘आमच्यातली’ असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचं मनात आलं नाही.

ही मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात होती. आमच्या कॅन्टीनचा वडा बरा म्हणून ती इकडं यायची. पुढं ती माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. ती पोरं इंग्रजी गाणी ऐकायची, ज्यांत गाणारा घसा फाडून ओरडतो आणि गिटार करवतीसारखी वाजते. त्यांच्यातल्या तिघांनी स्वतःचा एक बँडही काढला होता. स्टँडजवळचा एक कॅसेटवाला कुठून कुठून रेकॉर्ड करून द्यायचा. पहिली कॅसेट मी घरी लावली तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून नुकतेच आले होते. हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, “ह्येला काय दुखतंय गं?” मग जरा वेळ ऐकून म्हणाले, “दिवसभर हेच ऐकून आलोय की मी. बंद कर.”

खरं सांगायचं तर ते संगीत मला पहिले सहा महिने अजिबात आवडलं नाही. मला ती माणसं आवडली. मी काळं लपायला घालत होते आणि ही पोरं काळं दिसायला घालत होती, हा फरक माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. त्यांच्यातल्या एकाच्या मानेवर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. निघताना घरचे त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावायचे. तो आमच्यात आला की शर्ट काढून दप्तरात कोंबायचा आणि आतल्या बिनबाह्यांच्या काळ्या टी-शर्टवर शांतपणे चहा प्यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीच अंग चोरलं. चहा पिऊन झाल्यावर तोच मला म्हणाला, “बघून घे एकदाचं, मग बोलूया.” मी बघितलं आणि मग आम्ही परीक्षेबद्दल बोललो.

जाड हा शब्द त्या टेबलावर उंच, ठेंगणा, डावखुरा यांच्या पंगतीतला होता. मैत्रिणीला सराव म्हणून माणसं काढायची असायची आणि तिच्यापुढं दोन तास गप्प बसायला मीच मिळायचे. मी ओढणी ओढून घेतली की ती खेकसायची. एकदा मी म्हणाले, “माझं काय काढतीस, मी एवढी जाड.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “तू जाड हाईस, मी काडी हाय. मग? तुझ्या दंडावर सावली बघ कशी गोल फिरती. माझ्या दंडावर सावलीला टेकायला जागा न्हाय.” असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली. घरी आल्यावर मी मोरीचं दार लावून आरशात माझा दंड बघितला. सावली खरंच गोल फिरत होती.

त्या वेळी कोल्हापुरात असलं काहीही विकत मिळत नव्हतं, आणि त्यातच सगळी मजा होती. टी-शर्ट बाजारात पुरुषांचे मोठ्यात मोठे घ्यायचे आणि त्यांवर मैत्रीण कवट्या रंगवायची. तिच्या कवट्या हसऱ्या व्हायच्या, काही केल्या त्यांना राग येत नसे. काळं नेलपॉलिश कुठल्याच दुकानात नव्हतं, म्हणून बिनरंगी नेलपॉलिशमध्ये काजळ खलायचं. ते वाळायचंच नाही आणि वहीच्या प्रत्येक पानाला बोटं लागायची. मनगटाचे पट्टे चपला शिवणारे एक काका उरलेल्या कातड्यातून करून द्यायचे. त्यांनी जन्मभर चपलाच केल्या असल्यामुळे प्रत्येक पट्ट्यावर ते सवयीनं वेणी आणि गोंडा घालायचे. जगात इतर ठिकाणी या पंथाची माणसं भीतिदायक दिसत असतील, पण आमच्या मनगटावर लाल गोंडे होते. रस्त्यानं निघालो की पानपट्टीवरून हमखास हाक यायची, “काय पावणं, संक्रांत अजून लांब हाय की!” आम्ही हात वर करून गोंडे हलवायचो.

पट्ट्यांवर बसवायचे टोकदार खिळे अण्णांनी आणले. मी त्यांच्याकडं मागितले नव्हते, नुसतं आईजवळ बोलले होते. एका शनिवारी त्यांनी डब्याच्या पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात पितळेची वीसेक शंकूसारखी टोकं होती, लेथवरच्या कुणाला तरी सांगून करून घेतलेली. अण्णा म्हणाले, “टोकं घासून आणल्यात. हाताला लागायची न्हाईत.” ज्या वस्तूनं जगाला बोचायचं, ती माझ्या बापानं घासून बोथट करून आणली होती. मी हसले आणि नंतर बराच वेळ ती पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले.

आईचं तसं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला असताना मी एक जीन्स गुडघ्यावर ब्लेडनं फाडली, दोरे ओढून छान झालर केली आणि ती घालून घरात आले. आई भाकरी थापत होती. तिनं गुडघ्याकडं बघितलं, हात थांबवला. ओरडेल म्हणून मी तयारीत होते, पण ती ओरडली नाही. “फाटकं घालायचं आमच्या आईनं सोसलं, म्या सोसलं,” ती म्हणाली. “धड नेसायला मिळावं म्हणून माणसं झिजली आमची. तू हौसंनं फाडतीस व्हय गं?” आमच्या वस्तीत स्वच्छ आणि इस्त्रीचं घालून बाहेर पडणं ही हौस नव्हती, ती मान वर करून चालायची रीत होती. विहारात जाताना आई पांढऱ्या साडीची एकेक निरी चिमटीत धरून बसवायची ते मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण त्याचा माझ्या गुडघ्याशी संबंध लावला नव्हता. त्या दिवशी मला मनापासून लाज वाटली. जीन्सला आतून ठिगळ लावलं. त्यानंतर मी कवटीचा टी-शर्टसुद्धा इस्त्री करून घालायचे, आणि टेबलावरची पोरं त्यावरून मला यथेच्छ पिडायची.

शेवटच्या वर्षी गॅदरिंगमध्ये आमच्या बँडला दोन गाणी वाजवायची परवानगी मिळाली. आवाज मोठा म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडं आलं. सगळ्यांनी पायघोळ काळे कोट घालायचे ठरलं. काळ्या कोटाचा हात कुणाचा चांगला, तर कोर्टाजवळच्या बोळातल्या एका टेलरचा. ते वकिलांचे कोट शिवायचे आणि लग्नसराईच्या तोंडावर बँडवाल्यांचे गणवेश. सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि काज-बटणं, हातशिलाई आणि मापाची वही सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. आम्ही आठ-नऊ जण दुकानात घुसलो तसं मास्तरांनी चष्म्यावरून विचारलं, “किती जणांचं बँड तुमचं? सुपारी कुठली घेतलीया?”

“लग्नाचं न्हाय मास्तर, गॅदरिंगचं.”

“मग काळं कशाला? काळ्यात वकील तेवढं बरं दिसतंय.”

मास्तर मापं घ्यायला लागले. बाईमाणसाचं माप मास्तरीणबाई घ्यायच्या आणि मास्तर लिहायचे, पुरुषांचं उलट. रीत तीच होती, आकडा बोळाच्या तोंडापर्यंत जाईल असा ओरडायचा. आमच्याआधी एक वकीलसाहेब उभे होते. मास्तर ओरडले, “पोट अठ्ठेचाळीस!” वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, “जेवलो न्हाय अजून. एक इंच वाढवा.” सगळे हसले, तेही हसले. मला मात्र पाचवीतली रांग आठवली आणि मी जुन्या ड्रेसची पिशवी घट्ट धरली. माझी पाळी आली तेव्हा मी पिशवी पुढं केली.

“मी माप आणलंय.”

मास्तरीणबाईंनी ड्रेस बाहेर काढला, माझ्यासमोर धरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसणाऱ्या माझ्याकडं बघितलं. “हा तुझा?”

“माझाच.”

“कवाचा?”

“आत्ताचाच,” मी म्हणाले. तो दोन वर्षांपूर्वीचा होता, आणि तेव्हाही तो काचायचा.

त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मास्तर मध्येच म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणतंय न्हवं? तेच धर.”

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि मैत्रीण ट्रायलला गेलो. बाकीच्यांचे कोट झाले होते आणि झकास झाले होते. मी माझ्या कोटात एक हात घातला, दुसरा घातला, आणि खांद्याच्या खाली कोट थांबला. वर जाईना, खाली येईना. दोन्ही हात पाठीमागं बांधल्यासारखे अडकले. दुकानात बँडवाले दोघं गणवेशाच्या ट्रायलला आलेले होते. मैत्रिणीनं एका बाजूनं ओढलं, मास्तरीणबाईंनी दुसऱ्या. मी घामाघूम झाले आणि त्या भरात मला राग आला, तो सगळा मास्तरांवर निघाला. “तुम्ही बारका शिवलाय!” मी ओरडले.

मास्तरांनी मशीन थांबवली. “पोरी, वकिलांचं कोट शिवतोय मी. आजपातूर माझ्या कोटात माणूस अडाकलं न्हाई. कोट मापात हाय. तू दिल्यालं माप खोटं हाय.”

मला रडू फुटलं. हात अडकलेले असल्यामुळे डोळे पुसता येईनात, नाक वाहायला लागलं. मैत्रिणीनं तिच्या ओढणीनं ते पुसलं. मास्तरीणबाईंनी कात्री घेऊन बाहीच्या मुंढ्याची शिलाई उसवली आणि मला मोकळं केलं. मग हळू आवाजात विचारलं, “माप देऊन किती वर्सं झाली?”

“पाचवीत दिलं होतं.”

“आगं बाई! पाचवीतल्या मापावर कोट घालतीस व्हय?” एवढं मात्र त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. “कर हात वर.”

मी हात वर केले. दहा-अकरा वर्षांनी टेप अंगाला लागला, थंडगार आणि गुळगुळीत. मास्तरीणबाईंनी त्यात दोन बोटं घालून तो सैल धरला आणि ओरडल्या, “छाती चव्वेचाळीस!” मी डोळे मिटून घेतले आणि हसण्याची वाट बघितली. तेवढ्यात एक बँडवाला म्हणाला, “मास्तर, माझ्या खांद्याची झालर कवा लावताय?” कुणी हसलं नाही. कुणी ऐकलंच नव्हतं. “कंबर बेचाळीस! शीट अठ्ठेचाळीस!” मास्तर मान खाली घालून लिहीत होते. अठ्ठेचाळीसची माझी बसायची बाजू म्हणजे वकीलसाहेबांचं उपाशी पोट, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी रडता रडता खदखदून हसायला लागले. मैत्रिणीला वाटलं माझं डोकं फिरलं.

आता खरी अडचण कापडाची होती. काळं कापड संपलं होतं आणि त्याच जातीचं परत मिळायला चार दिवस लागले असते. मास्तरांनी दुकानभर नजर फिरवली आणि बँडवाल्यांच्या गणवेशातून उरलेलं लालभडक सॅटिन काढलं. “दोन्ही बाजूला कळ्या घालतो. काखेत बी घालतो. चालतंय, का उभ्यानं रडायचंय?”

“पण सगळे काळ्यात...” मी म्हणायला लागले. मैत्रिणीनं माझा हात दाबला. तिचे डोळे चमकत होते. “गप्प,” ती म्हणाली. “घाला मास्तर.”

सहाच्या आत कोट तयार झाला. बगलेपासून खाली घोट्यापर्यंत लाल कापडाच्या दोन त्रिकोणी कळ्या, उभं राहिलं की मिटलेल्या आणि पाऊल टाकलं की उघडणाऱ्या. ज्या ज्या जागी मी मावत नव्हते, नेमकी तीच जागा लाल झाली होती. मी त्या बोळात दहा पावलं गेले आणि दहा पावलं आले. काखेत काचत नाही म्हणजे कसं वाटतं, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. श्वास पुरा आत जात होता.

दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर आले तेव्हा मागच्या बाकांवरून अपेक्षेप्रमाणं आरोळी आली, “आला, ट्रक आला!” हशा पिकला. माझा डावा हात आपोआप पोटाकडं गेला, पण तिथं चिमटीत धरायला ताणलेलं कापड नव्हतं. कोट ऐसपैस होता. हात रिकामाच परत आला, मग मी त्यानं माइक धरला आणि म्हणाले, “ट्रक हाय तर बाजूला व्हा की! चिरडून मरशिला!” आधीपेक्षा मोठा हशा झाला, शिट्ट्या वाजल्या, आणि त्या शिट्ट्या माझ्या बाजूच्या होत्या. आमच्या बँडनं दोन्ही गाणी अत्यंत वाईट वाजवली.

त्या दिवशी मैत्रिणीनं काढलेल्या फोटोत मी मधोमध उभी आहे. डोळे अर्धे मिटलेत, केसांची बट तोंडात गेलीये, आणि कळ्या पूर्ण उघडल्यात. घरी आईनं कोट हातात घेतला, आतली बाजू बाहेर करून शिलाईवरून अंगठा फिरवला. “शिलाई धड हाय,” म्हणाली आणि घडी करून ठेवून दिला.

त्या दिवसापासून मी बदलले असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पुढंही कितीतरी लग्नांत मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले, बघायला आलेल्यांसमोर श्वास रोखून धरला. पण कपडे शिवायला टाकताना जुना ड्रेस दिला नाही. टेबलावरची माणसं पांगली. मैत्रीण लग्न होऊन लांब गेली. कोडवाला मित्र शिक्षक झाला, अर्ध्या बाहीचा शर्ट घालून वर्गात शिकवतो. कॅसेटवाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. कवटीचे टी-शर्ट आता कुठंही टांगलेले दिसतात, आणि त्यांतली एकही कवटी हसत नाही. बोटांना लागलेलं ते न वाळणारं काजळ मला फार आठवतं. त्या टेबलावर मी जितकी माझी होते तितकी नंतर क्वचितच झाले.

गॅदरिंगनंतर आठ-नऊ वर्षांनी, वैशाखातल्या पौर्णिमेच्या आधी, आई विहारात जायची पांढरी साडी काढून बसली होती. मी तोवर कोल्हापुरात नोकरीला लागले होते आणि आई-अण्णांना तिकडंच घेऊन आले होते. अंगातला ब्लाउज काढून आई दुसरा घालत होती. तिच्या दंडावर गोल, जांभळट वळ होता, बाही काचून पडलेला. तो वळ मी जन्मापासून बघत आले होते. आईचा दंड तसाच असतो असं मी धरून चालले होते.

“आई, मापाचा ब्लाउज कधीचा गं?”

“लग्नानंतर शिवल्याला. त्यावरनं दुसरा, दुसऱ्यावरनं तिसरा.”

“एकदा माप दे की नीट. लाजतीस कशाला?” मी म्हणाले. मला वाटलं, माझीच गोष्ट आहे, मला ठाऊक आहे.

आई हसली. “लाज कसली? आमच्या गावात कपडे शिवणारा आमाला टेप लावायचा न्हाय. आमाला शिवायचाच न्हाय तर टेप कुठनं लावंल? माझी आई जुनी चोळी त्याच्या पायरीवर ठेवायची आन् लांबनं सांगायची, ह्याच मापाची. मग तीच रीत पडली.” आणि मग, सहज सांगावं तसं, “मला कुणी कधी मापलंच न्हाय बघ.”

जी युक्ती आईची म्हणून मी उचलली होती, ती तिनं हौसेनं निवडलेली नव्हती. माझ्या अंगाला टेप लागला आणि मला लाज वाटली, म्हणून मी तो सोडला. तिच्यापर्यंत तो कधी आलाच नव्हता. दोघींच्याही पिशवीत जुना कपडाच असायचा.

दुसऱ्या दिवशी मी तिला त्या बोळातल्या दुकानात घेऊन गेले. मास्तर थकले होते, मशीनवर नुसते बसून असायचे. मास्तरीणबाईंनी मला ओळखलं, म्हणजे खरं तर त्यांना तो कोट आठवला. “लाल कळीवाली न्हवं का?” आईकडं बघून त्यांनी टेप गळ्यातून काढला आणि वही माझ्या हातात दिली. “तू लिव. ह्यांना आता दिसत न्हाय.”

आईनं पदर खोचला, चपला काढून ठेवल्या, विहाराबाहेर ठेवाव्यात तशा कडेला, आणि दोन्ही हात वर केले. सांगायची गरज पडली नाही. मास्तरीणबाईंनी पाठीमागून टेप आणला, दोन बोटं घालून सैल धरला आणि बोळाच्या तोंडापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या, “छाती चव्वेचाळीस!”

माझं पेन थांबलं. तोच आकडा होता.

“लिव की,” आई म्हणाली. “ऐकू आलं न्हाय व्हय? चव्वेचाळीस.”

मी लिहिलं. मग कंबर लिहिली, मुंढा लिहिला, दंडघेर लिहिला, बाहीची उंची लिहिली. ब्लाउजला लागणारं सगळं झालं. मास्तरीणबाई टेप गुंडाळायला लागल्या, तरी आईचे हात वरच होते.

“अजून कशाकशाचं घेत्यात?” तिनं विचारलं. “घ्या की सगळं.”

मास्तरीणबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, टेप पुन्हा उलगडला आणि आईचं मनगट मोजलं. ते ब्लाउजला लागत नाही. मी तेही लिहून घेतलं.